नाकावरचा वळ : मास्क, त्वचा आणि खानदेशातले रुग्णालय कर्मचारी

२०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातला कोरोनाचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या वर गेला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. खाटा किती, डॉक्टर किती, स्वॅबचा अहवाल किती दिवसांनी येतो, हे प्रश्न रास्त होते आणि ते विचारले गेले. साथीच्या सुरुवातीला जळगावचे नमुने तपासणीसाठी धुळ्याला जात, आणि धुळ्यापासून तासाभरावर मालेगावात साथ भडकलेली होती. त्याच दिवसांत, पारा चाळिशीच्या बराच वर असताना, जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि वॉर्डबॉय अंगावर हवाबंद किट, तोंडावर एन-९५, डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर शिल्ड चढवून अख्खी ड्युटी काढत होते. किट उतरवल्यावर त्यांच्या नाकाच्या दांड्यावर वळ असे, गालांवर पुरळ असे, कानामागे चीर असे. रोजच्या तक्त्यात बाधित, बरे झालेले आणि मृत असे रकाने होते. या वळांचा रकाना नव्हता.

साथ ओसरली. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातली मास्कची सक्ती उठली. रुग्णालयातला मास्क मात्र उतरला नाही. क्षयरोगाचा वॉर्ड, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, जळीत विभाग, स्वॅब घेणारी खोली, थुंकीचे नमुने हाताळणारी प्रयोगशाळा इथे तो पूर्वीही होता, आताही आहे. म्हणूनच मास्कखाली त्वचेचे काय होते, हा प्रश्न एका साथीपुरता मानून बाजूला ठेवता येत नाही.

आजवर त्याच्याकडे बहुतेकांनी सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहिले. चेहऱ्यावर पुळ्या आल्यात असे एखाद्या नर्सने सांगितले की ‘इथे माणसे मरताहेत आणि तुला चेहऱ्याचे पडले आहे’ असा सूर लागतो आणि ती पुन्हा तोंड उघडत नाही. मला हा सूरच चुकीचा वाटतो. ज्याच्या नाकावर जखम आहे तो मास्क थोडा खाली ओढतो. ज्याला खाज सुटते तो मास्कच्या आत बोट घालतो, आणि ते बोट नुकतेच रुग्णाच्या चादरीला लागलेले असते. ज्याचे कान सोलले आहेत तो पट्टा सैल करतो आणि गालाशी फट राहते. एन-९५ चे सगळे सामर्थ्य चेहऱ्याला घट्ट बसण्यात आहे. फट राहिली की तो महागडा रुमाल होतो. त्वचा धड राहिली तरच मास्क धड राहतो, इतका हा संबंध सरळ आहे, आणि त्यामुळे हा विषय संसर्ग-प्रतिबंधाच्या यादीत वरच्या जागी हवा.

जगभरातून जे आकडे आले ते आधी पाहू, कारण ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि न जुळण्यातूनच काही शिकता येते. पहिली मोठी नोंद सार्सच्या साथीनंतरची, सिंगापूरची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत एन-९५ वापरणाऱ्या ३०७ कर्मचाऱ्यांपैकी १०९ जणांनी, म्हणजे ३५.५ टक्क्यांनी, त्वचेचा त्रास झाल्याचे सांगितले. त्रास झालेल्यांत सुमारे ६० टक्क्यांना मुरूम, निम्म्यांना खाज आणि तिसऱ्या हिश्शाहून थोड्या अधिकांना पुरळ होते. मग कोरोना आला. चीनच्या हुबेई प्रांतातल्या ५४२ डॉक्टर-नर्सच्या पाहणीत तब्बल ९७ टक्क्यांनी त्वचेला इजा झाल्याचे नोंदवले. नाकाचा दांडा ही सर्वांत जास्त दुखावलेली जागा होती, ८३ टक्के. २०२० मध्येच चीनच्या १६१ रुग्णालयांतल्या ४,३०६ कर्मचाऱ्यांना विचारले तेव्हा प्रमाण ४२.८ टक्के निघाले.

३६, ४३ आणि ९७. यातला खरा आकडा कोणता? माझ्या मते तिन्ही आपापल्या जागी खरे आहेत, फक्त त्यांनी विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. हुबेईच्या पाहणीत त्वचा कोरडी पडणे, ताणल्यासारखी वाटणे, पापुद्रे निघणे हेही इजेत धरले होते, हातांचाही समावेश होता, आणि ते लोक साथीच्या अगदी केंद्रस्थानी काम करत होते. १६१ रुग्णालयांच्या पाहणीने दाबामुळे झालेली जखम, ओलाव्यामुळे खराब झालेली त्वचा आणि फाटलेली त्वचा असे ठोस प्रकार मोजले. शिवाय मोबाइलवर येणारी प्रश्नावली ज्याला त्रास आहे तोच आधी भरतो, हे अशा सर्व पाहण्यांचे दुखणे आहे. म्हणून ९७ टक्के हा आकडा बातमीच्या मथळ्यात शोभला तरी नियोजनासाठी मी दुसरा घेईन : मोठ्या रुग्णालयात दीर्घकाळ मास्क लावणाऱ्या दर दहांतल्या चौघांना दखल घ्यावी अशी इजा होते, असे धरून चालावे.

टक्केवारीपेक्षा मोलाचे आहे ते या पाहण्यांनी दाखवलेले कारण. हुबेईत सहा तासांहून अधिक काळ मास्क-गॉगल लावणाऱ्यांना धोका जास्त होता. १६१ रुग्णालयांच्या पाहणीत चार तासांनंतर धोका वाढलेला दिसला, आणि खूप घाम येणे हे इजेशी ठळकपणे जोडलेले आढळले. तास आणि घाम, या दोन गोष्टी खानदेशाच्या वाचकाने नीट लक्षात ठेवाव्यात.

भारतीय त्वचातज्ज्ञांनी २०२० मध्येच प्रसिद्ध केलेली एक छोटी मालिकाही महत्त्वाची आहे. कोरोना वॉर्डात काम करणाऱ्या ४३ जणांचे चेहरे त्यांनी प्रत्यक्ष तपासले. त्यांना सर्वाधिक आढळला तो क्षोभातून होणारा त्वचादाह, सुमारे ४० टक्के, आणि त्याखालोखाल घर्षणाने होणारा दाह, चौथ्या हिश्शाच्या आसपास. नाकाचा दांडा इथेही पहिला. अपराधी कोण हे शोधले तर निम्म्याहून अधिक वेळा गॉगल सापडला. एन-९५ चा क्रमांक दुसरा, सुमारे ३१ टक्के. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘मास्कचा त्रास’ म्हणतो त्यातला मोठा वाटा गॉगलच्या कडेचा आहे. दोघे नाकाच्या त्याच बोटभर जागेवर येऊन टेकतात म्हणून त्यांचा हिशेब वेगळा करणे अवघड जाते.

ती बोटभर जागाच इतकी का सोसते? नाकाच्या दांड्यावर त्वचेखाली चरबीची गादी जवळजवळ नाही, लगेच हाड आहे. वरून धातूची पट्टी आणि खालून हाड, यांच्या मध्ये सापडलेल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका मानतात. त्याहून जास्त दाब बाहेरून बराच वेळ राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडाशी जी जखम होते तीच ही, फक्त नाकावर. आधी लाली, बोटाने दाबूनही न जाणारी, मग सालपट, मग उघडी जखम. जी सिस्टर दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलते तिच्याच नाकावर सहा तास एकाच जागी दाब राहतो, हे कुणाला खटकत नाही याचे मला नवल वाटते.

दाबाच्या जोडीला ओलावा. श्वासातून येणारी हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. ती मास्कमध्ये साठते, त्वचेचा वरचा थर भिजून फुगतो आणि नरम झालेला थर थोड्याशा घासण्यानेही निघतो. घामाच्या ग्रंथींची तोंडे बुजली की घामोळ्या येतात. मुरमांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्वचेचे तापमान एका अंशाने वाढले की तेलाचा पाझर सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, हे ब्रिटिश संशोधकांनी १९७० मध्ये मोजून दाखवले होते. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या मिल्स आणि क्लिगमन यांनी घासण्या-दाबण्यातून भडकणाऱ्या मुरमांना स्वतंत्र नाव दिले. तेल वाढले, छिद्रे बुजली, वरून कापड घासत राहिले, म्हणजे हनुवटी, जबडा आणि गाल या पट्ट्यात पुळ्या येतात, कपाळ मात्र स्वच्छ राहते. ही खूण डॉक्टरला पुष्कळ काही सांगते. ज्यांना विशीनंतर मुरूम गेले होते त्यांना ते पस्तिशीत पुन्हा आले, असे होते ते यामुळेच. मास्क बहुधा नवा आजार निर्माण करत नाही, निजलेला उठवतो. नाकाच्या बाजूंचा कोंडा, गालांची लाली, जुने इसब यांचेही तसेच.

रासायनिक कारणे खरी आहेत, पण कमी आढळतात. एन-९५ चे थर पॉलिप्रोपिलीनच्या न विणलेल्या तंतूंचे असतात, नाकाजवळ फोमची पट्टी, कडेला चिकटद्रव्य, पट्ट्यात कधी रबर. काही मास्कमधून फॉर्माल्डिहाइड निघून अ‍ॅलर्जी झाल्याची नोंद कॅनडातून २००७ मध्ये झाली. रबर लवचीक ठेवणाऱ्या रसायनांचीही काहींना अ‍ॅलर्जी असते. पट्ट्याच्या रेषेतच लाल, खाजणारी, पाणी सुटणारी पट्टी उमटली आणि मास्कचा ब्रँड बदलताच ती गेली, तर संशय इथे घ्यावा आणि पॅच टेस्ट करून घ्यावी. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत मास्क पुरत नव्हते तेव्हा एकेक मास्क कागदी पिशवीत वाळवून पाळीपाळीने वापरला जाई. जुना घाम, तेल आणि धूळ शोषलेला तोच मास्क पुन्हा चेहऱ्यावर येई. त्यातून किती पुळ्या झाल्या असतील याचा अंदाज करता येतो.

आता खानदेश. इथला उन्हाळा कोरडा असतो, आणि कोरडा असतो म्हणूनच माणूस तो सोसतो. भुसावळला पारा ४५ वर गेला तरी सावलीत बसलेल्याच्या अंगावरचा घाम झटकन उडतो आणि अंग गार राहते. घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. हवाबंद किट आणि घट्ट मास्क माणसाकडून नेमकी हीच सोय काढून घेतात. बाहेर ४५ अंश आणि कोरडी हवा, आत तितकीच उष्णता आणि शंभर टक्के दमटपणा. किटखाली उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने जळगावचा मे महिना मुंबईच्या ऑक्टोबरपेक्षा वाईट होतो. त्यात लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी न पिता ड्युटी करण्याची सवय. हुबेईची पाहणी हिवाळ्यातल्या चीनमधली आहे, हे ध्यानात घेतले तर तिथला सहा तासांचा उंबरठा मेमधल्या जळगावला तसाच लावणे धोक्याचे ठरेल. चार तासांचा धरणे शहाणपणाचे.

हिवाळ्यात चित्र उलटे होते. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी उतरतो, हवा कोरडीच राहते, त्वचा आधीच तडकलेली असते. तेव्हा घामोळ्या आणि मुरूम मागे पडतात आणि सोलपटणे, जळजळ, इसब पुढे येतात. म्हणजे एकाच माणसाला मेमध्ये एक सल्ला आणि जानेवारीत दुसरा द्यावा लागतो. बाराही महिन्यांसाठी छापलेले एकच पत्रक इथे पुरे पडत नाही.

चेहरेही इथले आहेत. मास्कची मापे ठरवताना ज्या चेहऱ्यांचा नमुना घेतला गेला ते मुख्यतः अमेरिकी होते, आणि आशियाई स्त्रियांच्या लहान चेहऱ्यांवर अनेक मास्क नीट बसत नाहीत, हे वेगवेगळ्या चाचण्यांत दिसले आहे. मास्क सैल वाटला की नर्स नाकाची पट्टी जास्त दाबते, पट्ट्याला गाठ मारते. दाब वाढतो, बसणे सुधारत नाही. भारतात विकले जाणारे बरेच एन-९५ कानात अडकवायचे असतात. डोक्यामागून दोन पट्टे जाणारे कमी. कानाचे मास्क चटकन लावता येतात, पण सगळा ताण कानामागच्या कातडीवर येतो. कानात कुड्या असतील, केस बांधलेले असतील तर आणखी. नाकातली चमकी मास्कखाली दाबली जाते, त्यात निकेल असेल तर अ‍ॅलर्जीही होते. शिल्डची पट्टी टिकलीवर येते. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने, पॅराटर्शरी ब्युटाइल फिनॉलने, त्वचा पांढरी पडते हे आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांना जुने माहीत आहे. कपाळावरचा पांढरा डाग शिल्डचा की टिकलीचा, हे तपासणाऱ्याने विचारले पाहिजे. पुरुषांना दाढीमुळे मास्क बसत नाही म्हणून रोज दाढी करावी लागते; ताज्या दाढीवर मास्क घासला की केसांच्या मुळाशी फोड येतात.

सावळ्या त्वचेवर आणखी एक गोष्ट होते आणि ती चिनी आकडेवारीत पुरेशी दिसत नाही. आपली त्वचा बरी झाली तरी काळा डाग मागे ठेवते. नाकावरची लाली आठ दिवसांत जाईल, तिचा डाग सहा महिने राहील. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी या डागाचे काय होते ते इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. आणि तिथूनच सुरू होतो या सगळ्या विषयातला, माझ्या मते, सर्वांत घातक भाग.

डाग जावा म्हणून, खाज थांबावी म्हणून माणूस मेडिकलमध्ये जातो आणि एक ट्यूब घेऊन येतो. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. पुष्कळदा स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक अशी तीन औषधे एकत्र. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, चेहरा उजळ वाटतो. औषध लागू पडले असे वाटून ती ट्यूब महिनोन्‌महिने चालते, आणि शेजारच्या सिस्टरलाही सुचवली जाते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, तोंडाभोवती लाल पुळ्यांचे कडे येते, गालावर लव वाढते. मलम बंद केले तर चेहरा पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. त्वचातज्ज्ञ याला स्टेरॉइडवर अवलंबून झालेला चेहरा म्हणतात. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉइड मलम लावत होते. ही साथीच्या आधीची गोष्ट आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये आणली. कायदा आहे; काउंटरवर चिठ्ठी किती वेळा मागितली जाते ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहावे.

यात बुरशीची भर पडली आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर न हटणाऱ्या गजकर्णाची लाट आहे. नेहमीच्या गोळीला दाद न देणाऱ्या त्या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले; नावातच आपला देश आला. कमरेचे गजकर्ण चेहऱ्यावर येते, मास्कखालच्या दमटपणात वाढते, आणि त्यावर स्टेरॉइड लावले की कडा पुसट होऊन ओळखू येत नाही. मास्कची अ‍ॅलर्जी समजून महिनाभर भलताच उपचार होतो. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसापासून त्वचातज्ज्ञ एका मजल्याच्या अंतरावर असतो, तरी तो औषध बाहेरच्या काउंटरवरून घेतो. कारण त्वचेच्या ओपीडीत जायला ड्युटीतून सुटी मिळत नाही, आणि ‘एवढ्याशा पुळीसाठी’ मागायला संकोच वाटतो.

उपाय साधे आहेत. मास्कच्या अर्धा तास आधी हलके, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे. मुरूम असतील तर तेलकट नसलेले. झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोन असलेले संरक्षक मलम नाकावर आणि गालाच्या हाडावर पातळ लावले तर घर्षण कमी होते. पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल, लोणी हे मास्कखाली नको : मास्क घसरतो आणि मुरूमही वाढतात. नाकाच्या दांड्यावर हायड्रोकोलॉइड किंवा सिलिकोनची पातळ पट्टी लावल्याने दाबाच्या जखमा कमी होतात. मात्र पट्टीमुळे मास्क आणि त्वचेत फट राहू शकते, म्हणून पट्टी लावून मास्क नीट बसतो की नाही हे पुन्हा तपासल्याशिवाय वॉर्डात जाऊ नये. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा. ड्युटी संपल्यावर खसाखसा घासून धुण्याने भिजलेली कातडी निघून येते. मुरमांवरची सॅलिसिलिक अ‍ॅसिडची फेसवॉश आणि रेटिनॉइडची मलमे मास्कखाली जास्त झोंबतात, ती रात्री आणि डॉक्टरांना विचारूनच. लिंबू, टूथपेस्ट, हळदीचा जाड लेप यांनी जळलेला चेहरा आणखी जळतो. कानांसाठी डोक्यामागे हूक किंवा बटण लावलेली कापडी पट्टी वापरावी. ती शिवायला पाच मिनिटे लागतात आणि फरक त्याच दिवशी कळतो. नाकावरची जखम उघडी असेल तर मात्र त्यावर मास्क चढवू नये, त्या व्यक्तीला काही दिवस एन-९५ न लागणारे काम द्यावे.

हा शेवटचा उपाय कर्मचाऱ्याच्या हातात नाही, आणि खरे मोठे उपाय कुठलेच त्याच्या हातात नाहीत. चार तासांनी पंधरा मिनिटे मास्क उतरवायचा म्हटले तर जागा घ्यायला दुसरे माणूस हवे आणि उतरवायला हवेशीर, सुरक्षित खोली हवी. तीन मापांचे मास्क हवेत, दोन पट्ट्यांचे हवेत, तर खरेदीच्या निविदेत तसे लिहावे लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ ची किंमत १९ ते ४९ रुपयांत बांधली. पण माप आणि बसण्याचा प्रश्न किमतीने सुटत नाही. रुजू होताना प्रत्येकाचा मास्क त्याच्या चेहऱ्यावर तपासणे अनेक देशांत बंधनकारक आहे. आपल्याकडे सिस्टरला बूट मापाने मिळतात, मास्क मापाने मिळत नाही.

आणि ‘प्रत्येकाचा’ म्हणताना यादी नीट करावी. बहुतेक पाहण्या डॉक्टर आणि नर्सच्या आहेत, कारण प्रश्नावली त्यांनाच पोचते. फरशी पुसणारी मावशी, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलणारा सफाई कामगार, १०८ रुग्णवाहिकेचा चालक, शवागारातला माणूस, क्षयरुग्णाच्या घरी जाणारी आशाताई हे सगळे मास्क लावतात. त्यांच्या हातात जंतुनाशकही असते, ते हात कपाळाचा घाम पुसतात, म्हणून क्षोभ दुहेरी होतो. त्यांतले बरेच कंत्राटी आहेत. चेहरा सुजला म्हणून घरी राहिले तर त्या दिवसाची मजुरी जाते. सर्वांत कमी तक्रार जिथून येते तिथे त्रास सर्वांत कमी असेल, असे समजणे मोठी चूक ठरेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायने आणि रंग यांच्या थेट संपर्कातून होणारा त्वचादाह हा कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. म्हणजे एमआयडीसीतल्या कारखान्यात रसायनाने हात सोललेल्या कामगाराची नोंद निदान कागदावर तरी व्हायला हवी होती. रुग्णालय हा कारखाना नाही, आणि मास्कचा दाब हे रसायन नाही. त्यामुळे सिस्टरच्या नाकावरची जखम त्यात कुठेच बसत नव्हती. जर्मनीत कामातून होणारे त्वचारोग व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत, आणि आजार बळावण्याआधीच त्वचातज्ज्ञाकडे पाठवून खर्च अपघात-विम्यातून करण्याची तिथे जुनी पद्धत आहे. इतके लगेच मागत नाही. सुई टोचल्याची नोंद करायचे रजिस्टर आपल्या प्रत्येक वॉर्डात असते. त्याच रजिस्टरला मास्क-गॉगलच्या इजेचे एक पान जोडायला कुणाची मंजुरी लागू नये.

या दोन जिल्ह्यांत चार वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जळगावचे शासकीय आणि डॉ. उल्हास पाटील, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय आणि एसीपीएम. त्वचारोगाचे डॉक्टर आणि शिकणारी मुले तिथे आहेत, मास्क लावणारे कर्मचारी त्याच इमारतींत आहेत, आणि मे व जानेवारी हे दोन टोकाचे महिने दरवर्षी येतात. त्या दोन महिन्यांत, मराठीत आणि अहिराणीत विचारून, डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत सर्वांचे चेहरे एकदा प्रत्यक्ष तपासावेत, किती तासांनी काय होते ते लिहून काढावे, आणि त्या नोंदीवरून ड्युटीचे तास व मास्कची खरेदी ठरवावी, अशी या चारही महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना विनंती आहे.